उत्तराला दोन दारं ठेव

चि. रेवा,

तुझं कोडं पोचलं. ‘जाहिरात’ या विषयावर अकरा बाय अकराची चौकट आणि दिवाळी अंकाचं अख्खं पान. पहिल्याच खेपेला एवढं मिळालं म्हणजे संपादकांचा जीव मोठा दिसतो. मी दुपारचा चहा घेऊन बसले, पेन्सिल दोनदा टोकरली आणि सव्वा तासात सोडवलं. कोपऱ्यातली दोन घरं मात्र रिकामी राहिली, अजून आहेत. त्यांच्याकडे शेवटी येते.

तू लिहिलंस, ‘आत्या, चुका काढ.’ चुका काढणं हा माझा पोटापाण्याचाच धंदा होता. दैनिकात मी मुद्रितशोधक म्हणून लागले. कोडं करणारे गृहस्थ निवृत्त झाले तेव्हा त्यांची चौकटीची वही माझ्या टेबलावर आली आणि सव्वीस वर्षं तिथंच राहिली. त्या वहीतून जे हाताला लागलं ते सांगते.

आधी घरांचं बघ. तुझं १ आडवं ‘जाहिरात’ आहे, चार घरं. दुसऱ्या घरात ऱ्हस्व ‘हि’ लिहिलीस, शाब्बास. मी तिथंच तोंडावर आपटले होते. माझ्या चौकटीत ‘शाहीर’ उभा होता, ‘जाहिरात’ आडवी, आणि दोघांची गाठ मधल्या घरात. कानाला दोन्ही सारखेच. पण ‘जाहीर’मधली दीर्घ ‘ही’ ‘जाहिरात’ होताना ऱ्हस्व होते, आणि नुसता ‘शाहीर’ काही केल्या ऱ्हस्व होत नाही. जुळाऱ्यानं विचारलंसुद्धा होतं, ‘बाई, पहिली की दुसरी?’ मी घाईत म्हटलं, दुसरी. पुढच्या आठवड्यात पोस्टकार्डांची चवड आली. वाईच्या एका निवृत्त मास्तरांच्या कार्डावर पत्त्याखेरीज एकच अक्षर होतं, लाल शाईत: ‘हि’.

काही कोडेकार खाली तळटीप टाकून मोकळे होतात की ऱ्हस्व-दीर्घ सारखेच धरावेत. मला ते पटत नाही. सोडवणारा पेन्सिल घेऊन बसतो तेव्हा त्याच्याजवळ दोनच गोष्टी असतात, सूत्र आणि घर. त्यातलं घरही आपण ढिलं ठेवलं तर त्यानं पाय कुठे टेकायचा?

तू कोडं कॉम्प्युटरवर मांडतेस ना, मग आणखी एक. आपल्या कोड्यात एका घरात एक अख्खं अक्षर बसतं, काना-मात्रा-वेलांटी-अनुस्वार आणि जोडाक्षरासकट. ‘प्रायोजक’ची चार घरं, ‘बोधचिन्ह’चीही चार, ‘भित्तिपत्रक’ची पाच, ‘दवंडी’ची तीन. पण यंत्राच्या लेखी एकटा ‘प्रा’ म्हणजे प, हलन्त, र आणि काना असे चार तुकडे. तुझ्या २२ उभ्यात ‘घोषवाक्य’साठी पाच घरं पडली आहेत ती त्यामुळेच, ‘क्य’ फुटला आहे. यंत्राला मोजू दे, पण छापायला देण्याआधी बोटांवर मोजून घे.

आता सूत्रं. ‘जाहिरात’साठी तू लिहिलंस, ‘मालाची प्रसिद्धी’. बरोबर आहे, पण ते शब्दकोशातून उचललेलं आहे आणि शब्दकोश सोडवणाऱ्याच्या घरीही असतो. शब्द उघडून आत काय दडलंय ते बघत जा. जा-हि-रा-त. मधली दोन घरं वाच: ‘हिरा’. कडेची दोन वाच: ‘जात’. म्हणजे जातीच्या पोटात हिरा आहे. मग सूत्र असं होतं: ‘जातीत दडलेला हिरा गिऱ्हाईक शोधायला निघाला (४)’. हे मला सुचलं त्या रात्री मी तुझ्या काकांना झोपेतून उठवून सांगितलं. ते म्हणाले, बरं आहे, आणि कुशीवर वळले.

त्या सूत्राला मी दोन दारं म्हणते. ज्याला विषय कळला तो ‘गिऱ्हाईक शोधायला निघाला’ या दारानं आत येतो. ज्याला नाही कळला तो अक्षरांशी खेळत हिऱ्याच्या दारानं येतो. दोघं एकाच खोलीत पोचतात. तुझ्या चौकटीत बऱ्याच उत्तरांना एकच दार आहे, आणि जाहिरातीच्या कोड्यात हे फार महागात पडतं. का ते सांगते.

आपल्याला वाटतं जाहिरात सगळ्यांच्याच तोंडी असते, मग तिच्यावरचं कोडं सोपंच. पण प्रत्येकाच्या कानात वेगळ्या सालाची जाहिरात बसलेली असते. माझ्या कानातली जाहिरात रेडिओची. विविध भारतीवर १९६७ च्या १ नोव्हेंबरला मुंबई, पुणे आणि नागपूर इथून जाहिराती सुरू झाल्या. त्याआधी आम्ही रेडिओ सिलोन लावायचो. तुझ्या बाबांच्या कानातली दूरदर्शनची, तिथं जाहिराती १९७६ च्या जानेवारीत आल्या. तुझी कानात नाहीच, बोटाखाली आहे. पाच सेकंद झाले की तू ती पुढे ढकलतेस. आणि दिवाळी अंक वाचतात तिघंही, बऱ्याचदा एकाच घरात, एकाच कोड्यावर वाकून. आजोबांना येतं ते नातवाला येत नाही, नातवाला येतं ते आजोबांना. तेवढी भांडाभांडी होऊ द्यावी, मजा त्यातच आहे. पण दोघांनाही दुसरं दार हवं.

म्हणून नावं निवडताना मी एक बघायचे: या नावाला जाहिरातीबाहेरही काही अर्थ आहे का? असला तर काम झालं. ओगल्यांचा ‘प्रभाकर’ कंदील घे. कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला त्यांचा काचकारखाना होता आणि मराठी मासिकांतून त्या कंदिलाच्या जाहिराती यायच्या. आज तो कंदील कुणी पाहिलाय? पण प्रभाकर म्हणजे सूर्य हे शाळेतल्या पोरालाही येतं. ‘दिवसा आकाशात, रात्री ओगल्यांच्या काचेत (४)’. तसंच किर्लोस्करांचं. नांगर करणाऱ्या कारखान्यानं १९२० मध्ये मासिक काढलं, कारखान्याचं बोलणं गिऱ्हाइकांपर्यंत पोचवायला, आणि पुढे त्यातून मराठीतलं केवढं मोठं नियतकालिक उभं राहिलं. त्याचं पहिलं नाव ‘किर्लोस्कर खबर’. ‘खबर’ला तीन घरं, आणि बातमी हे दुसरं दार आयतं मिळतं.

माझं सगळ्यांत आवडतं दोन घरांचं आहे. लक्स साबणाच्या जाहिरातीत १९४१ मध्ये पहिली भारतीय तारका झळकली, ती आपली लीला चिटणीस. नुसतं ‘लक्सची पहिली तारका’ म्हटलं तर पन्नाशीच्या आतला माणूस पेन्सिल खाली ठेवतो. मी लिहिलं: ‘देवाची अगाध असते, चिटणीसांची साबणाच्या फेसात दिसली (२)’. एका कीर्तनकारबुवांनी ते सोडवलं आणि कळवलं की साबणाचं त्यांना काही माहीत नव्हतं, पण देवाचं होतं.

ललिताजी तुझ्या यादीत आहेच, ऐंशीच्या दशकातली सर्फवाली, हिशेबी. तिला तू सूत्र दिलंस ‘सर्फच्या जाहिरातीतली गृहिणी’. अगं, नवरात्रातली पाचवी माळ कुठली? ललितापंचमी. ‘नवरात्रातल्या पंचमीला मानानं हाक मारली, तर ती पावडरीचा हिशेब सांगायला लागली (४)’. मानाची हाक म्हणजे ‘जी’. एवढं पुरे.

ज्या नावाला बाहेरचा अर्थ नाही त्याची अक्षरं फिरवून बघायची. ‘निरमा’ हे करसनभाई पटेलांनी मुलीच्या नावावरून ठेवलं, निरुपमावरून. १९६९ मध्ये त्यांनी ती पावडर विकायला सुरुवात केली. आता घरं बघ: नि-रु-प-मा. ‘रु’चा उकार पुसला आणि ‘प’ गेला की निरमा उरते. ‘निरुपमा धुतली, उकार गेला, प गेला, बाकी पांढरं (३)’. इथं सूत्रच त्या नावाची जन्मकथा सांगतं. असं वर्षातून एकदा हाती लागतं, मुद्दाम शोधायला गेलं तर नाही.

‘विको’ त्याहून गमतीचं. केशव विष्णु पेंढरकरांनी १९५२ मध्ये कंपनी काढली. विष्णु इंडस्ट्रियल केमिकल कंपनी या नावाची इंग्रजी आद्याक्षरं जोडून विको झालं. पण आद्याक्षरांचं कोडं मराठी चौकटीत घालू नकोस, ते देवनागरीत दिसतच नाही. मी काय केलं, ‘विको’कडे नुसतं बघत बसले. ‘विका’वर एक मात्रा चढवली की ‘विको’. आणि मात्रा म्हणजे वैद्याची मात्राही! ‘विका, वर एक मात्रा द्या, दात चांगले राहतील (२)’. दंतमंजन विकणाऱ्यांना याहून चांगलं सूत्र कुणी दिलं असेल तर दाखव.

‘कॅम्लिन’ मात्र तुझ्या चौकटीतून काढ. दांडेकरांनी १९३१ मध्ये धंदा सुरू केला. ‘कॅमल’ आणि ‘इंक’ जोडून ते नाव झालं, उंट आणि शाई. इंग्रजीत ही शिवण दिसते, देवनागरीत दिसत नाही. शिवाय कुणी ‘कॅम्लिन’ लिहितं, कुणी ‘कॅमलिन’. तीन घरं की चार? जे नाव दुकानाच्या पाटीवर एक आणि वहीच्या पुठ्ठ्यावर दुसरं असेल ते चौकटीत नको. ‘लिंटास’लाही त्याच कारणासाठी काट मार. लिव्हरच्या जाहिरात खात्याच्या लांबलचक इंग्रजी नावाचं ते आखूड रूप. जाहिरातवाल्यांखेरीज कुणाला फुटायचं नाही.

‘डालडा’ ठेव, पण सूत्र बदल. त्याची कथा अशी की माल हॉलंडच्या ‘दादा’ नावाच्या कंपनीकडून यायचा. लिव्हरवाल्यांनी त्या नावाच्या मधोमध आपला ‘ल’ घातला आणि १९३७ मध्ये डबा बाजारात आला. ‘दादाच्या पोटात ल’ असं लिहायचा मोह होतो, मलाही झाला. पण आपण म्हणतो ‘डा’, ‘दा’ नव्हे, आणि वाईचे मास्तर जिवंत आहेत असं धरूनच चालायचं. त्यापेक्षा डा-ल-डा उजवीकडून वाच. तेच. ‘उलटा केला तरी तोच डबा, रिकामा झाला की त्यात तुळस (३)’. आमच्या चाळीत प्रत्येक गॅलरीत असा डबा होता, पिवळा, खाली गंजलेला.

‘बिनाका’वर तू फुली मारलीस, ‘कुणाला माहीत असणार’ म्हणून. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची गीतमाला टूथपेस्टच्या नावानंच लागायची. आमच्या पिढीला बुधवार त्यानं कळायचा. पण तुझंही खरं, दार एकच आहे. मी बसून दुसरं पाडलं: ‘बियाण्याचं पहिलं अक्षर नाक्यावर ठेवलं, सिलोन लागलं (३)’. थोडं ओढूनताणून आहे. आवडलं नाही तर सोड, माझा हट्ट नाही.

रिकाम्या जागांची सूत्रं तुझ्याकडे सहा आहेत, त्यांतली चार चुकली आहेत. ‘गिऱ्हाइकानं ____ला भुलू नये’ असं लिहून उत्तर ‘आमिष’ दिलंस. आपण ‘आमिषला’ म्हणतो का? ‘आमिषाला’ म्हणतो. प्रत्यय लागला की मराठी शब्द कपडे बदलतो. ‘फलक’चा ‘फलकावर’ होतो, ‘जाहिरात’ची ‘जाहिरातीत’. म्हणून रिकामी जागा ठेवायचीच तर शब्द प्रथमेत बसेल अशीच ठेव. आणि ‘आमिष’ रिकाम्या जागेत वाया का घालवतेस? तोंड उघडून ‘आ’, आणि निमित्त म्हणजे ‘मिष’. ‘आ वासला, निमित्त गिळलं, गळाला लागला (३)’.

म्हणींचंही जपून. ‘बोलणाऱ्याची ____ विकते’ हे तुझं १७ उभं, उत्तर ‘माती’. तुझ्या आजोळी माती विकतात ग, माझ्या सासरी त्याच म्हणीत हुलगे विकले जातात. दोन्ही शब्दांची घरं मोजलीस तर वेगळी येतात, म्हणून यावेळी वाचलीस.

इंग्रजी कोडी बघून सूत्रं बेतू नकोस, हे एकदा बजावते. तिकडे ‘ॲड्स’ तीन अक्षरांत मावतात आणि त्यांत स्वर असतो, म्हणून अडलेला कोपरा सोडवायला कोडेकार त्या हटकून वापरतात. वर्षानुवर्षं तेच उत्तर नव्या सूत्रात. आपल्याकडे ती अडचणच नाही. दोन घरांचे शब्द मराठीत पोत्यानं आहेत: खप, छाप, भाव, नाव, माल.

भाव आणि नाव म्हटल्यावर तुझे पणजोबा आठवले. माझे आजोबा, म्हणजे. त्यांच्या काळात शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धांचं पेव फुटलं होतं. वर्तमानपत्रात कोडं यायचं, शेजारी बक्षिसाचा आकडा ठळक टाइपात, आणि प्रवेशिकेसोबत फी पाठवायची. कोडं हीच जाहिरात आणि जाहिरात हाच धंदा. त्यातली सूत्रं मुद्दाम दुतोंडी असायची. समज, ‘गिऱ्हाईक आधी विचारतं ते’, दोन घरं, दुसऱ्या घरात ‘व’ छापलेला. भाव की नाव? दोन्ही बरोबर, पण पाकिटात बंद करून ठेवलेलं उत्तर एकच. म्हणून आजोबा दोन प्रवेशिका भरायचे, चार अशा जागा असल्या की सोळा. आजी म्हणायची, तांदूळ आणायचे पैसे व्यंजनांत गेले. पुढे १९५५ चा बक्षीस-स्पर्धांचा कायदा आला, महिन्याला हजार रुपयांच्या वर बक्षीस देणाऱ्या स्पर्धांना बंदी झाली. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यात नशिबाचा खेळ आणि बुद्धीचा खेळ वेगळे काढले, कायदा पहिल्यालाच लागू म्हटला. मला कायदा कळत नाही, पण हा फरक मी टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवला होता. तुझं ५ आडवं, ‘मालाला हे हवंच’: ‘भाव’, ‘नाव’, ‘वाव’, तिन्ही बसतात. उभ्या शब्दानं पहिलं घर पक्कं होत नसेल तर ते सूत्र नशिबाचं झालं.

पानाच्या जागेबद्दल एक सांगायचं राहिलं. कोड्याची जागा म्हणजे जाहिरातींतून उरलेली जागा. रात्री नवाला जाहिरात विभागातून शिपाई यायचा आणि माझा अर्धा कॉलम कुठल्यातरी लग्नाच्या शालूखाली जायचा. म्हणून विषय तोच ठेवून एक लहान चौकट नेहमी तयार ठेव, सात बाय सातची. रडत बसण्यापेक्षा ती काढून दिली की काम होतं. मात्र एकदा त्याच विभागातून चिठ्ठी आली की अमुक मालाचं नाव १ आडव्यात घाला, पार्टी मोठी आहे. मी नाही म्हटलं. मला खुशाल भांडखोर म्हणोत. पण सोडवणारा स्वतःच्या डोक्यानं अक्षर अक्षर जुळवून एखादं नाव लिहितो, ते नाव त्याच्या हातून पैसे घेऊन लिहून घ्यायचं? तुझ्या अंकाला प्रायोजक असेलच. त्याचं नाव पानाच्या डोक्यावर छापू देत, हवं तेवढं मोठं. घरांत नको.

आता ती दोन रिकामी घरं. ९ उभं कुठल्याशा ॲपचं नाव आहे आणि १४ आडवं त्याच्या जाहिरातीतल्या मुलीचं. मला दोघंही ठाऊक नाहीत, आणि दोघं एकमेकांनाच कापतात. म्हणजे एकानं दुसऱ्याला हात द्यावा तर दोघंही बुडालेले. दोन विशेषनामं एकमेकांवरून कधी नेऊ नकोस. एकाच्या चारही बाजूंनी साधे मराठी शब्द लाव, मग तू कितीही नवीन नाव घाल, मी काठाकाठानं पोचेन.

तो कोपरा तू पुन्हा मांडशीलच. ९ उभ्याला मी एक शब्द बसवून पाहिला, चारही घरांत नीट बसतो. १४ आडवं तेवढं बदलावं लागेल. विषयाला धरून आहे, दुकानावर पाटी लावतात तोच. सूत्र घे:

‘सवतीच्या पोटात लसणाची पहिली पाकळी, आणि भाव उतरला (४)’.

उत्तर फोनवर सांगू नकोस, चौकटीत भरून पाठव. वहिनीला म्हणावं, लोणचं पोचलं, पण बरणीचं झाकण गळतं.

तुझी,
आत्या